स्वस्तिक आरोपीच्या पिंजऱ्यात

जानेवारी २००५ मध्ये ब्रिटनचे राजपुत्र हॅरी एका वेषांतराच्या मेजवानीला दंडावर नाझी पट्टी बांधून गेले. छायाचित्र वृत्तपत्रात झळकले, गदारोळ उठला, राजपुत्रांनी क्षमा मागितली. येथवर प्रकरण त्यांच्या घरचे होते. परंतु पाठोपाठ काही जर्मन लोकप्रतिनिधींनी या चिन्हावर संपूर्ण युरोपीय संघात बंदी घालण्याची मागणी केली आणि त्या मेजवानीशी ज्यांचा सुतराम संबंध नव्हता, अशा ब्रिटनमधील हिंदू कुटुंबांवर आपल्या उंबरठ्यावरील स्वस्तिकाचा खुलासा करण्याची पाळी आली. मागणी तेव्हा बारगळली. २००७ च्या आरंभी संघाचे अध्यक्षपद जर्मनीकडे येताच तिने पुन्हा डोके वर काढले. ‘हिंदू फोरम ऑफ ब्रिटन’ने संघटित विरोध केला, तेव्हा कोठे त्याच महिन्याच्या अखेरीस बंदीचा मुद्दा प्रस्तावातून वगळण्यात आला.

हिटलरने आपल्या चिन्हाला ‘स्वस्तिक’ म्हटले नव्हते. जर्मन भाषेत त्याचे नाव ‘हाकेनक्रॉयत्स’, म्हणजे आकड्यांचा क्रूस. इंग्रजी वृत्तपत्रांनी आणि ‘माइन काम्फ’च्या इंग्रजी भाषांतरकारांनी त्या जागी ‘स्वस्तिक’ हा शब्द रूढ केला. परिणामी ‘सु’ आणि ‘अस्ति’ यांपासून बनलेला, कल्याणाची कामना करणारा संस्कृत शब्द जगाच्या कोशांत नरसंहाराच्या शेजारी जाऊन बसला. मूळ जर्मन शब्द तसाच ठेवला असता, तर पुढचा निम्मा घोळ टळला असता.

चिन्हाचे वय पाहावे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर ते आहे. गुरांच्या कानांवर ज्या खुणा करीत त्यांत पाणिनी ‘अष्टाध्यायी’त स्वस्तिकाची गणना करतो, म्हणजे वैयाकरणाला ते देव्हाऱ्याइतकेच गोठ्यातही भेटत होते. जैनांच्या सातव्या तीर्थंकरांचे, सुपार्श्वनाथांचे, ते लांछन आहे. जपानच्या नकाशांवर बौद्ध मंदिराची जागा याच चिन्हाने दाखवतात. पश्चिमेलाही ते परके नव्हते. अमेरिकी सैन्याच्या ४५ व्या पायदळ डिव्हिजनच्या खांद्यावर तांबड्या पार्श्वभूमीवर पिवळे स्वस्तिक होते. नाझींचा उदय झाल्यावर तिने ते उतरवले. फिनलंडच्या हवाई दलाने १९१८ मध्ये ते स्वीकारले, तेव्हा नाझी पक्ष जन्मालाही आला नव्हता.

येथे एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगायला हवी. ‘हिटलरचे स्वस्तिक उलटे होते, आपले सुलटे आहे’, हा खुलासा आपल्याकडे घरोघर केला जातो. तो खरा नाही. नाझींच्या ध्वजावरील चिन्हाच्या भुजा आपल्या नेहमीच्या स्वस्तिकाप्रमाणेच उजवीकडे वळतात. उलट जपानी बौद्ध मंदिरांचे चिन्ह डावीकडे वळते. चुकीच्या युक्तिवादाने खरी बाजू लढवली की समोरचा शाळकरी मुलगाही आपल्याला खोटे पाडतो. खरा भेद दिशेचा नाही, संदर्भाचा आहे. तांबड्या कापडावर पांढऱ्या वर्तुळात तिरके उभे केलेले काळे चिन्ह एका राजवटीची निशाणी आहे. वहीपूजनाच्या दिवशी कुंकवाने रेखलेले, चार घरांत चार ठिपके दिलेले चिन्ह मांगल्याचे आहे.

युरोपातील ज्यूंच्या मनात ते चिन्ह पाहून जे उसळते, त्याची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. साठ लाख माणसे मारली गेली, ती त्या ध्वजाखाली. म्हणूनच जेरुसलेम येथे २००८ मध्ये हिंदू आणि ज्यू धर्मधुरीणांनी संयुक्त निवेदनात स्वस्तिकाचे हिंदूंसाठी असलेले प्राचीन, मंगल स्थान मान्य केले, याचे मोल मोठे आहे. ज्यांनी भोगले त्यांना हा भेद कळतो. तो कळत नाही तो घाईत असलेल्या पुढाऱ्यांना आणि मथळा हव्या असलेल्या संपादकांना.

घाई कोठवर जाते, याचे उदाहरण जर्मनीतच घडले. नाझीवादाच्या निषेधार्थ फुली मारलेले किंवा कचऱ्याच्या टोपलीत फेकलेले नाझी चिन्ह छापणाऱ्या विक्रेत्याला २००६ मध्ये स्टुटगार्टच्या न्यायालयाने दंड ठोठावला! मार्च २००७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरवला. विरोधकालाच आरोपी करणारा कायदा कोणाचे रक्षण करणार होता?

हीच कसोटी आपणही पाळावी लागेल. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत वायनाडमध्ये मुस्लिम लीगचे हिरवे झेंडे दिसताच ते पाकिस्तानचे असल्याचा प्रचार झाला. पाकिस्तानच्या ध्वजाला काठीच्या बाजूस पांढरा पट्टा असतो, लीगच्या झेंड्याला नाही. लीगच्या राजकारणाशी आमचा मतभेद जुना आहे आणि तो उघडपणे मांडता येतो. त्यासाठी झेंडा बदलून दाखवण्याची गरज नाही.

अलीकडे मात्र काही ठिकाणी शहाणपण दिसते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घातली. तसे करताना कायद्यात ‘हाकेनक्रॉयत्स’ हा शब्द योजला आणि हिंदू, बौद्ध व जैनांच्या धार्मिक वापराला स्पष्ट सूट दिली. कॅलिफोर्नियानेही त्याच वर्षी द्वेषचिन्हांच्या कायद्यात असाच भेद केला. कॅनडात फेब्रुवारी २०२२ मध्ये ओटावातील निदर्शनांत नाझी ध्वज दिसले आणि पुढारी सरसकट ‘स्वस्तिका’चा धिक्कार करू लागले, तेव्हा चंद्र आर्य या कर्नाटकात जन्मलेल्या खासदाराने संसदेत उभे राहून दोन्ही शब्द वेगळे करून सांगितले.

हे आपोआप घडलेले नाही. तेथील हिंदूंनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, शाळांत जाऊन माहिती दिली, ज्यू संस्थांच्या दारी जाऊन संवाद साधला. मेलबर्न असो की टोरांटो, तेथील मराठी कुटुंबांनी दिवाळीत दाराबाहेरच्या रांगोळीतून स्वस्तिक वगळण्याऐवजी शेजाऱ्याला फराळाला बोलवावे आणि त्याने विचारण्यापूर्वीच त्या चार रेषांचा अर्थ त्याला सांगावा.