पदर आपला, पसंती आपली

म्हैसुरात १९१२ साली रेशमाचा सरकारी कारखाना निघाला. त्याच्या झुळझुळीत साड्या आजही बेंगळुरूच्या समारंभांतून मिरवतात. अशा शहरी नोकरीनिमित्त आलेल्या मराठी भगिनीच्या मनात शंका येते : कचेरीत इरकली नेसून गेले, तर लोक गावंढळ तर म्हणणार नाहीत?

वास्तविक इरकल हे कर्नाटकाचेच लेणे. ते विणले जाते बागलकोट जिल्ह्यातील इळकल येथे, आणि चोळीचा खण येतो त्याच जिल्ह्यातील गुळेदगुड्डहून. पारंपरिक इरकलीत सुती अंगाचा ताणा व रेशमी पदराचा ताणा विणकर फासात फास गुंतवून जोडतो. धाग्यांच्या जाती दोन, वस्त्र मात्र एक. मग परकेपणा कसला?

वेष म्हणजे शब्दांवाचून दिलेला आपला परिचय. तो मनाजोगा असला की चालण्याबोलण्यात आपसूक उभारी येते. त्यासाठी भारी खरेदी नको. सलवार-कमीज सोयीची वाटली, तर ती अवश्य घालावी; आजीच्या विरलेल्या इरकलीचे काठ तिलाही शोभून दिसतात.

तेव्हा भगिनींनो, उद्या कपाट उघडाल तेव्हा लोकांच्या आधी स्वतःला विचारा : आज मला काय आवडेल?