जुन्या भिंती पाडताना गारव्याचाही हिशेब करा

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे आता कुणालाच नवं नाही. पण दुपारपेक्षा रात्रीचा उकाडा जास्त छळतो, ही तक्रार गावापेक्षा शहरात जास्त का? डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन पितात आणि रात्री तेच बाहेर सोडतात. याचा त्रास सर्वांत जास्त होतो तो चुलीपुढच्या बायकांना, घरातल्या बुजुर्गांना आणि पत्र्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलांना.

आपल्या औरंगाबादकडेच पाहा. मलिक अंबरने 17व्या शतकाच्या सुरुवातीला हे शहर वसवलं, तेव्हा नहरीने पाणीही आणलं. पुढे उभ्या राहिलेल्या पाणचक्कीत हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. वर पाणी, खाली जाड दगडी खांब; म्हणून ते दालन भर उन्हाळ्यातही थंड असतं.

जुन्या हवेल्यांचं गणितही साधं होतं. हात-दीड हात जाडीच्या दगड-चुन्याच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचायला कित्येक तास लागतात. माळवदाच्या मातीचंही तसंच. पांढरा चुना ऊन परतवतो. रात्री सेहनातून आणि रोशनदानातून गरम हवा निघून जाते. याउलट पत्रा काही मिनिटांत तापतो आणि पातळ स्लॅब संध्याकाळी घरात भट्टी पेटवतो.

म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं आम्ही म्हणत नाही. दगडही तापतोच. हवा खेळती नसेल तर तीच जाड भिंत रात्रभर घर भाजून काढते. आज मोहल्ल्यांत नेमकं हेच होतंय. सेहनावर पत्रे टाकले, रोशनदानं बुजवली, विहिरीवर लादी घातली. मग एसी लावला, आणि त्याची गरम हवा अरुंद गल्लीत, म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीत!

अहमदाबादने याची किंमत मोजली आहे. मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यानंतर 2013 मध्ये महापालिकेने उष्माघाताविरुद्ध कृती आराखडा आणला. पुढे गरीब वस्त्यांतली छतं पांढरी रंगवण्याचं कामही हाती घेतलं. म्हणजे आपल्या दादी-नानीचा चुनाच पुन्हा कामाला आला.

आपण काय करू शकतो? उन्हाळ्याआधी गच्चीला पांढरा चुना लावा. सेहन मोकळं ठेवा. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. आतली ओल अडकते आणि भिंत पोखरते. मशिदी आणि दर्ग्यांच्या कमिट्यांनी तामीर काढण्याआधी जाणकार इंजिनिअरला एक प्रश्न जरूर विचारावा: हे पाडल्यावर इथली हवा आणि सावली कुठून येणार? चंदा संगमरवरावर खर्च करण्याआधी अंगणात दोन कडुलिंब लावले, तर जोहरला येणारा प्रत्येक नमाजी दुआ देईल.