हौसेला मोल असतं

अमेरिकेतल्या दारूकामाच्या धंद्याची खरी अडचण दारू नाही, तारीख आहे. गावोगावच्या नगरपालिकांना, क्लबांना, बेसबॉलच्या मैदानांना आतषबाजी हवी असते ती एकाच रात्री, चार जुलैला, अंधार पडल्यावर वीस-पंचवीस मिनिटं. आपल्याकडे एका गावाची जत्रा चैत्रात, तर दुसऱ्याची माघात; दारूकामवाला गावं फिरत हंगाम काढतो. तिकडे त्या एका आठवड्यात कंपन्यांना हजारो हात लागतात आणि दहा जुलैला त्यातले बहुतेक नकोसे होतात. एवढी माणसं पगारावर कोण ठेवणार? म्हणून ती हौसेवर ठेवली जातात.

माझा भाचा त्यातलाच एक. कमिन्सच्या नोकरीमुळे पुण्याचे जे इंजिनियर इंडियानातल्या कोलंबस गावी जाऊन राहिले, त्यांतला. ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत त्याला या कामाच्या जवळपासही फिरकता आलं नाही. तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाने स्फोटकं बाळगणं हा, काही अपवाद सोडले तर, तिथे गुन्हा आहे. ग्रीन कार्ड आलं की लोक घर बघायला लागतात. याने स्फोटकांवर नजर ठेवणाऱ्या एटीएफ खात्याचा फॉर्म भरला. त्याच्या आईने, म्हणजे आमच्या ताईने, त्याचा फोन उचलणंच सोडलं.

कामाचा दिवस सकाळी सातला सुरू होतो. ट्रकमधून रॅक उतरवायचे, त्यांत जाड प्लॅस्टिकच्या नळ्या, म्हणजे मॉर्टर, आणि एकेका नळीत एकेक शेल. शेल इंचांत मोजतात आणि प्रेक्षक किती लांब ठेवायचे तेही त्या इंचावरच ठरतं: दर इंचाला सत्तर फूट. सहा इंची शेल असेल तर 420 फुटांच्या आत कुणी नको. प्रत्येक शेलला विजेवर पेटणारी काडी, तिची वायर डब्याकडे, डब्यांच्या वायरी फायरिंगच्या यंत्राकडे. भर उन्हात अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, कारण नायलॉन पेटलं तर कातडीला चिकटतं. दुपारी चारला जोडणी उरकते आणि मग रात्रीपर्यंत भरलेल्या नळ्यांची राखण. शो संपला की लोक पार्किंगकडे पळतात; ही माणसं आधी थांबतात, मग टॉर्च घेऊन न उडालेले शेल शोधतात, मग रॅक पुन्हा ट्रकमध्ये चढवतात. उजाडल्यावर कुणीतरी परत येऊन मैदान पाहायचं असतं, सकाळी खेळायला आलेल्या पोरांच्या हाती काही लागू नये म्हणून. सॅन दिएगोला 2012 च्या चार जुलैला साधारण अठरा मिनिटांचा अख्खा शो एका बिघाडामुळे पंधरा सेकंदांत उडून गेला. जगभर त्याचे व्हिडिओ फिरले, लोक हसले. मी पाहिला तेव्हा मला आधी सगळ्या वायरी जोडणाऱ्यांचीच कीव आली.

तर याचे पैसे किती? भाच्याला पहिल्या वर्षी मिळाले दीडशे डॉलर. ताशी नाही, शोचे उक्ते. सकाळी सात ते रात्री दोन धरले तर एकोणीस तास, म्हणजे ताशी आठ डॉलरहून थोडे कमी. इंडियानात किमान वेतन संघराज्याचंच आहे, ताशी 7.25 डॉलर, आणि हा आकडा 2009 पासून हललेला नाही. कागदावर सगळं कायदेशीर. पण शोच्या गावी तो स्वतःच्या गाडीने गेला होता, जाऊन-येऊन 120 मैल. अमेरिकेचं कर खातं 2025 साठी धंद्यानिमित्त गाडी चालवण्याचा खर्च मैलाला 70 सेंट धरत होतं. झाले 84 डॉलर. राहिले 66, ताशी साडेतीनच्या आसपास. मालकाच्या कामासाठी नोकराने खिशातून खर्च केला आणि त्यामुळे मजुरी किमान वेतनाखाली गेली, तर कायदा मोडतो. हा प्रवास त्यात बसतो का, यावर वकील हवं तेवढं भांडू शकतील. दीडशे डॉलरसाठी वकील कोण करणार, हा भाग वेगळा. करात वजावट मागावी, तर पगारी नोकराला तीही सोय 2018 पासून बंद आहे.

मला सगळ्यात नवल वाटलं ते ट्रकच्या नियमाचं. माल भरलेला ट्रक आदल्या रात्री गावात पोचला तर तो सोडून कुणी जायचं नाही. राखणदाराने गाडीत जागं असायचं, मागच्या बर्थवर झोपलेला माणूस हजर धरत नाहीत; नाहीतर शंभर फुटांच्या आत, गाडी सरळ दिसेल असं बसायचं. चार जुलैच्या आठवड्यात मोटेलचे दर आधीच चढलेले. त्यातून खोली चौघांत एक आणि पाचवा रात्रभर ट्रकपाशी. या जागरणाचे वेगळे पैसे मिळतात का, असं भाच्याने विचारलं तेव्हा टोळीतले जुने लोक म्हणे प्रेमाने हसले.

कंपन्यांना खलनायक ठरवायचा माझा विचार नाही. शेल बहुतेक चीनमधून येतात, स्फोटकांचं जहाजभाडं आणि विमा दोन्ही भारी, आणि नगरपालिकेचं बजेट काही दरवर्षी वाढत नाही. कमी करता येण्यासारखी एकच रक्कम हिशेबात उरते, आणि ती घेणारा माणूस तक्रार करत नाही, कारण त्याला यायचंच असतं. पुण्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ढोल-ताशा पथकातली पोरं-पोरी पावसाळाभर नदीकाठी सराव करतात. मंडळाची सुपारी पथकाला, वादकाच्या वाट्याला वडापाव, आणि झब्बा बऱ्याचदा स्वतःच्या पैशाचा. पण पथक नफ्यासाठी चालत नाही, निदान कागदोपत्री तरी. दारूकामाची कंपनी चालते. नफा कमावणाऱ्या खासगी कंपनीत कुणाला स्वयंसेवक होताच येत नाही, तो स्वतः 'फुकट करतो' म्हणाला तरी, असं अमेरिकेचा मजुरी कायदा स्पष्ट सांगतो. मला हे कलम फार आवडलं. हौशी माणसाला त्याच्या हौसेपासून वाचवणारा कायदा आपल्याकडे आल्याचं मी ऐकलेलं नाही.

मजुरी कमी असली तर एक वेळ चालेल. तो माणूस कंपनीचा नोकर की सुटा ठेकेदार, हा मुद्दा मात्र भाच्याच्या लेखी क्षुल्लक होता, आणि त्यावरच आमचं वाजलं. नोकर असेल तर बोट गेलं तरी कामगार भरपाईचा विमा आहे. ठेकेदाराच्या उपचारांचा खर्च सहसा त्याचा त्यालाच. कॅलिफोर्नियात एस्पार्टो गावाजवळच्या फटाक्यांच्या गोदामात 1 जुलै 2025 ला स्फोट झाला आणि सात माणसं गेली, ऐन हंगामाच्या तोंडावर. ती बातमी आली त्या रात्री मी त्याला फोन करून विचारलं, तुझं नाव कुठल्या यादीत आहे? त्याला सांगता येईना. इंजिनांच्या टॉलरन्सवर तासभर बोलणारा माणूस.

मग त्याने विचारलं. उत्तर आलं की सगळे सहायक पगारी नोकर म्हणूनच नोंदलेले आहेत, विमाही आहे. ताई त्या दिवसापासून पुन्हा फोन उचलते. पुढच्या हंगामासाठी होकार कळवताना भाच्याने आणखी दोन गोष्टी लिहून मागितल्या: गाडीचा मैलामागे खर्च आणि ट्रकच्या राखणीची ताशी मजुरी. पहिली मान्य झाली आहे. दुसरीवर 'बघू' असं उत्तर आलंय, आणि सोबत एक टी-शर्ट.