घमेल्यातला डोंगर



हायस्कुलातल्या लेकरांची परीक्षा जवळ आली, की घरोघरी भूगोलाची घोकंपट्टी सुरू होते. ‘आम्ही कुठं शिकलोय, पोरीला काय सांगणार?’ असं म्हणून तुम्ही बाजूला होता. पण समोच्च रेषा तुम्हांला ठाऊक आहे. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी ती रेषा. समपातळीचा बांध तिच्याच धोरणानं घालतात. म्हणून पाणी एका टोकाला न धावता बांधाच्या लांबीभर थोपतं आणि मुरतं.

आज एवढं करा. घमेल्यात घट्ट चिखलाचा डोंगर रचा, एक अंग उभं, दुसरं उतरतं. बोटभर पाणी ओता. पाणी टेकेल तिथं मुलीला काडीनं सभोवार रेघ ओढू द्या. पुन्हा बोटभर पाणी, पुन्हा रेघ. शेवटी पाणी हलकेच काढून वरून पाहत त्या रेघा वहीत उतरवायला सांगा. उभ्या अंगाला रेघा दाट दिसतील, उतरत्या अंगाला विरळ.

मग विचारा, गाडीवाट कुठून काढशील? माती जास्त कुठून वाहील? तिला कारणासह उत्तर देऊ द्या.

प्रमाणाचीही उजळणी घ्या. १:५०,००० च्या नकाशात २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. मग घर ते शाळा किती सेंटिमीटर?

रविवारी तिला बांधावर न्या आणि वहीतली रेघ रानात दाखवायला सांगा.