असईचा उतार

महासत्तेचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा लगेच क्षेपणास्त्रांवर आणि जीडीपीच्या आकड्यांवर जातात. "२०२० साली भारत महासत्ता" हे तर आपण इतक्यांदा ऐकलं, की २०२० येऊन गेलं तेव्हा कोणाला त्याची आठवणही राहिली नाही. मला मात्र हा विषय निघाला की आमच्या जालना जिल्ह्यातलं एक छोटंसं गाव आठवतं. असई.

केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं हे गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेला आर्थर वेलस्लीने हरवलं. हाच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध जिंकला. म्हातारपणी कोणी तरी त्याला विचारलं, की रणांगणावरची तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती? त्यावर त्याने वॉटर्लूचं नव्हे, असईचं नाव घेतलं म्हणे. साम्राज्य कसं उभं राहतं ते बघायला लंडनला जायला नको, भोकरदनची एसटी पकडली तरी पुरे!

आता आपण का हरलो? ठरलेलं उत्तर असं, की इंग्रजांकडे शिस्त होती, चांगल्या तोफा होत्या, आणि आपले लोक जुन्या पद्धतीने लढत होते. असईपुरतं तरी हे खरं नाही. शिंद्यांकडे शंभराच्या आसपास तोफा होत्या आणि दहा हजारांच्या वर कवायती पायदळ होतं. महादजींनी द बॉयनकडून उभ्या करून घेतलेल्या फौजेची ही परंपरा. त्या तोफांनी इतका मार दिला, की वेलस्लीच्या लढाईत उतरलेल्या साडेचार हजारांपैकी दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. म्हणजे हत्यारं कमी नव्हती. हिंमतही कमी नव्हती.

मग कमी काय होतं?

पहिली गोष्ट, फौज आपली पण तिचे अधिकारी परके. युद्ध सुरू होताना कंपनीने जाहीर केलं, की शिंद्यांकडचे जे इंग्रज अधिकारी नोकरी सोडून येतील त्यांची सोय आम्ही लावू. बरेच जण निघून गेले. उत्तरेत तर शिंद्यांचा मुख्य सेनापती पेराँ हाच ऐन युद्धात नोकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. असईच्या मैदानावर कवायती फौजेची सूत्रं पोलमान नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाकडे होती. दुसरी गोष्ट, पैसा. शिंद्यांच्या फौजेचा पगार थकणं नेहमीचंच. वेलस्लीचं लक्ष मात्र तोफांइतकंच बैलांवर आणि दाण्यावर. बंजाऱ्यांच्या तांड्यांशी व्यवहार ठरवायचा, धान्याचे पैसे चुकते करायचे, शिपायांनी लूट केली तर शिक्षा करायची. गावं धान्य लपवत नाहीत, विकतात, तेव्हाच सैन्य पुढे सरकतं. तिसरी गोष्ट आपल्याला पाठच आहे. यशवंतराव होळकर या लढाईपासून दूर राहिले.

आणि पेशवे? ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला होळकरांनी हरवल्यावर दुसरा बाजीराव इंग्रजांकडे पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह केला. सहा हजारांची तैनाती फौज, आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाखांचा मुलूख. बघा हं, फौज कंपनीच्या हुकुमातली, खर्च पेशव्यांचा. शिवाय परराष्ट्रांशी बोलायचं तर कंपनीला विचारून. सत्तेचं सगळं गणित या एका तहात आहे असं मला वाटतं. बलाढ्य देश दुसऱ्यावर नुसता हल्ला करत नाही, तो आधी दुसऱ्याची गरज होऊन बसतो.

असईला कंपनीकडून लढलेले लोक तरी कोण? दोन हायलँड पलटणी आणि गोऱ्या घोडदळाची एक रेजिमेंट सोडली, तर बाकीचे बहुतेक मद्रासकडचे आपलेच शिपाई. आजही आपल्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात असईचा हत्ती आहे.

इथे कोणी म्हणेल, की मग कंपनीनेही परकी माणसंच वापरली की! बरोबर. म्हणूनच "सगळं स्वदेशी हवं" एवढ्यावर मी थांबत नाही. कुठल्याच देशाला सगळं घरी करता येत नाही. प्रश्न आहे दोरी कोणाच्या हातात आहे हा. मद्रासचा शिपाई कंपनी सोडून गेला तर त्याच्या जागी दुसरा उभा राहत होता. शिंद्यांचा युरोपियन अधिकारी गेला तर त्याची जागा घेणारा माणूस आपण तयारच केला नव्हता.

आजचं उदाहरण घ्या. २०२१ साली हवाई दलासाठी ८३ तेजस विमानांची मागणी नोंदवली गेली. विमान आपलं, इंजिन अमेरिकन कंपनीचं. इंजिनं उशिरा आली, आणि विमानं रखडण्याचं ते एक मोठं कारण ठरलं. यात कोणी शत्रुत्व केलं असं नाही. पण ज्याच्या उशिराने आपलं काम अडतं त्याच्याशी आपण किती ताठ बोलू शकतो? प्रभाव म्हणतात तो हाच. म्हणून किती विमानं घेतली यापेक्षा इंजिन बनवणारी माणसं किती घडवली, हा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो आकडा भाषणात सहसा नसतो.

शेवटी एक गोष्ट. लढाईच्या दिवशी केळणेवर उतार नाही असं वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं होतं. त्याने दुर्बिणीतून पाहिलं, दोन काठांवर दोन गावं समोरासमोर होती. समोरासमोर गावं म्हणजे जाणंयेणं असणार, आणि जाणंयेणं म्हणजे उतार असणार! त्याने फौज तिकडे वळवली आणि उतार निघाला.

नदी आपली, गावं आपली, उतारही आपलाच. तो तिथे असेल, हे मात्र परमुलखातून आलेल्या चौतीस वर्षांच्या माणसाने ओळखलं. आणि त्या उतारावर त्या दिवशी आपली एक चौकीही नव्हती.

असो.