कॉलेजचे चार ऋतू आणि माझे नऊ तास

प्रत्येक कॉलेजच्या वार्षिक अंकात एक लेख ठरलेला असतो. पावसाळ्यातलं चिंब मैदान, हिवाळ्यात कट्ट्यावरचं कोवळं ऊन, उन्हाळ्यातला परीक्षेचा घाम. विद्यार्थी असताना मीही असा एक लेख लिहिला होता, आणि त्याला बक्षीसही मिळालं होतं. आता मी इंदिरानगरमधल्या एका छोट्या अनुदानित कॉलेजात मराठी शिकवते, आणि मला कॉलेजचे ऋतू जरा वेगळे दिसतात.

जूनमध्ये मी कॉलेजात नसते. प्रवेश सुरू असतात. मुलांचे मेसेज येतात, "मॅम, यंदा तुम्ही आहात ना?" मी लिहिते, "बघू." जुलैत जाहिरात येते. त्याच जागेसाठी, त्याच फाइलमध्ये, त्याच प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स लावून मी मुलाखतीला जाते. पाच वर्षांत पाच मुलाखती झाल्या. ऑगस्टमध्ये रुजू होते, तोवर मुलांचा महिनाभर बुडालेला असतो. दिवाळीची सुट्टी लागली की तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. जानेवारीत स्नेहसंमेलन. मुलं साड्या नेसून, फेटे बांधून रील काढतात आणि मीही हौसेने फोटोत उभी राहते. पण त्या आठवड्यात माझे नऊ तास गेलेले असतात. मार्चमध्ये रथचक्र चौकात द्राक्षांच्या गाड्या लागतात आणि माझे तास संपतात. आवारातला गुलमोहर फुलतो तेव्हा मी तिथे नसते.

याला तासिका तत्त्व म्हणतात. बोलीत सीएचबी. तुम्ही महाराष्ट्रात कुठल्याही अनुदानित कॉलेजात शिकत असाल, तर तुम्हाला शिकवणाऱ्यांत असं कुणीतरी असण्याची शक्यता दाट आहे. फक्त ते तुम्हाला कुणी सांगत नाही. आम्हीही सांगत नाही. लाज वाटते.

हिशेब साधा आहे. मार्च २०२३मध्ये शासनाने पदवी वर्गांसाठी तासाचा दर ९०० रुपये केला. मला आठवड्याला नऊ तास मिळतात. म्हणजे आठवड्याचे ८,१०० रुपये, आणि तेही सगळे तास झाले तर. सुट्टी, परीक्षा, निवडणूक, मोर्चा, पाऊस, काहीही आलं की त्यातून वजा. बिल कधी निघेल ते बिलालाच माहीत. याउलट विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९मध्येच अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये अशी शिफारस केली होती. आणि हे नऊ तास कुठून आले? आयोगाच्या नियमानुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. एका माणसाचं काम दोघांत वाटलं की दोघंही अर्धे राहतात, आणि अर्ध्या माणसाला पूर्ण पगार द्यावा लागत नाही.

पण हा लेख माझ्या पगाराचा नाही. पगाराचं रडगाणं तुम्ही स्क्रोल करून पुढे गेलात तरी मला राग येणार नाही. हा लेख तुमच्या विभागाचा आहे.

विभाग म्हणजे काय? दारावरची पाटी नव्हे. आमच्या दारावर 'मराठी विभाग' अशी पाटी आहे, आणि तिच्याखाली निवृत्त झालेल्या सरांचं नाव अजून आहे. ते गेले, त्यांची जागा भरली नाही. आता आम्ही दोघी आहोत, दोघीही तासांवर. विभागाची आठवण म्हणजे एक गोदरेजचं कपाट, आणि त्याची किल्ली ऑफिसात.

दोन वर्षांपूर्वी तृतीय वर्षाला एक मुलगी होती. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर अंबडच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम. सिन्नरकडच्या तिच्या आजीला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. मी म्हटलं, लिहून आण. तिने वहीभर आणल्या. कुठली ओवी कधी म्हणायची, माहेरची कुठली, सासरची कुठली, हे आजीला विचारून समासात लिहिलं. यावर पुढे चांगला अभ्यास झाला असता. मार्चमध्ये माझे तास संपले. वही कपाटात राहिली. जूनमध्ये ती कॉलेजात आली तेव्हा शिपाईकाकांनी तिला सांगितलं, "मॅडम आता नाहीत." त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी खरंच नव्हते. तिने फोन केला. मी म्हटलं, मी परत आले की काढून देते. ऑगस्टमध्ये मी परत आले तोवर कपाट हलवलं होतं. वही सापडली नाही. आजीही त्याच पावसाळ्यात गेली.

वही माझ्या निष्काळजीपणामुळे हरवली असं तुम्ही म्हणू शकता. मीही स्वतःला तेच म्हणते. पण जिथे वर्षभर थांबणारं एकही माणूस नाही, तिथे अशा वह्या हरवणारच.

आता आक्षेप. पहिला: "कायम प्राध्यापक तरी कुठे शिकवतात?" खरं आहे. पिवळ्या पडलेल्या नोट्सवर वीस वर्षं काढणारे मीही पाहिलेत. पण त्यांना पुढच्या वर्षी कुठे गाठायचं हे तुम्हाला माहीत असतं. त्यांची तक्रार करता येते. माझी तक्रार कुणाकडे कराल? एप्रिलनंतर मी कुणाचीच नाही.

दुसरा: "कला शाखेला मुलंच येत नाहीत." ज्या वर्गाला ऑगस्टपर्यंत शिक्षक नाही तिथे मुलं कशी येतील? आधी दुकान बंद ठेवायचं आणि मग गिऱ्हाईक नाही म्हणून रडायचं, असला हा प्रकार आहे.

तिसरा: "सरकारकडे पैसा नाही." शासनाने २०१८मध्ये ३,५८० जागा भरायला मंजुरी दिली होती. त्यांतल्या २,०८८ राहिल्याच, म्हणून त्यांना २०२१मध्ये पुन्हा मंजुरी द्यावी लागली. मंजूर झालेली जागाही वर्षानुवर्षं रिकामी राहते, तेव्हा तिजोरीइतकाच प्रश्न इच्छेचा असतो. आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांच्या वर नकोत असं लिहिलं आहे. आमच्या विभागात ते प्रमाण शंभर टक्के आहे.

आणि याच पायावर नवं शैक्षणिक धोरण उभं करायचं आहे. आपल्या विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५पासून पहिल्या वर्षाला आलं. चौथ्या वर्षी संशोधन करता येईल म्हणतात. उत्तम. पण वर्षभराच्या संशोधनाला मार्गदर्शक कोण? मार्चमध्ये निरोप घेणारी मी?

मला तुमची सहानुभूती नको, प्रश्न हवेत. प्रवेश घेताना तुम्ही फी विचारता, हजेरी विचारता, पार्किंगसुद्धा विचारता. अजून एक विचारा: या विभागात मंजूर पदं किती आणि भरलेली किती? हा आकडा कॉलेजच्या सूचना फलकावर लागलाच पाहिजे. उत्तर मिळालं नाही तर उच्च शिक्षण विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये लागतात, इंदिरानगरच्या बोगद्यापाशी मिळणाऱ्या एका कटिंग चहाएवढे. रिकामी पदं भरा, हे तुम्ही म्हणायला हवं. ती भरेपर्यंत तासांवरच्या शिक्षकांना सत्राच्या पहिल्या दिवसापासून नेमा आणि दरमहा पैसे द्या, हेही तुम्हीच म्हणायला हवं. आम्ही म्हटलं तर पुढच्या जुलैत मुलाखतीचं पत्र येत नाही.

ती मुलगी आता त्याच कंपनीत पूर्णवेळ आहे. मध्ये राजीव नगरला भाजी घेताना भेटली. वहीबद्दल ती काही बोलली नाही. एवढंच विचारलं, "मॅम, यंदा आहात ना?"