इंग्रजीशी गट्टी : 'येस' म्हटलं आणि पाहुणा उभाच राहिला!

दोस्तांनो, रायगड जिल्ह्यातल्या म्हसळ्याहून नववीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. वाचून आधी हसू आलं. मग वाटलं, अरे, ही चूक तर आपण सगळेच करतो!

झालं असं. स्वारी म्हसळ्याच्या एस.टी. स्टँडवर श्रीवर्धनच्या गाडीची वाट बघत बाकावर बसली होती. शेजारची जागा रिकामी. तेवढ्यात पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेला एक परदेशी पाहुणा आला. हरिहरेश्वरला निघाला असावा. त्यानं अदबीनं विचारलं, "डू यू माइंड इफ आय सिट हिअर?" महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू होतं, त्यामुळे 'सिट' आणि 'हिअर' आपल्या पठ्ठ्याला बरोब्बर कळलं. मान डोलावत तो म्हणाला, "येस, येस!" पाहुणा "ओह, सॉरी" म्हणाला आणि गाडी येईपर्यंत चक्क उभाच राहिला! 'माझं काय चुकलं?' असं पत्रात विचारलंय.

घोटाळा केला तो त्या 'माइंड'नं. इथे माइंड म्हणजे मन नव्हे, हरकत. "मी इथे बसलो तर तुझी काही हरकत आहे का?" यावर मराठीत तू "हो, हो!" म्हणाला असतास का? "छे, हरकत कसली, बसा की!" असंच म्हणाला असतास ना? मग इंग्रजीतही तेच. "नो, नॉट ॲट ऑल." म्हणजे इथे 'नो' म्हटलं की माणूस बसतो आणि 'येस' म्हटलं की उभा राहतो! 'माइंड' ऐकलं की मनात 'हरकत' म्हणायचं, उत्तर आपोआप बरोबर येतं.

बाकी परवानगी मागणं सोपं आहे. वर्गाच्या दारातलं 'मे आय कम इन, सर?' म्हणजे आपलं 'येऊ का?' मित्राकडे पेन मागताना एवढी अदब नको, तिथे 'कॅन आय' पुरे. अनोळखी माणसाशी बोलताना 'कुड आय' शोभतं. मात्र त्याला उत्तर देताना 'येस, यू कॅन' म्हणा. 'येस, यू कुड' नव्हे.

खरी पंचाईत होते नकार देताना. मराठीत आपल्याकडे 'नको' आहे. "चहा घेतोस?" "नको." कुणाला राग येत नाही. इंग्रजीत 'नको'ला वेगळा शब्दच नाही, नुसता 'नो' फटकन लागतो. म्हणून त्याला शेपूट जोडायचं, 'नो, थँक यू.' आपणच कुणाला परवानगी नाकारत असलो, तर 'आय ॲम अफ्रेड यू कान्ट.' इथे अफ्रेडचा भीतीशी काही संबंध नाही बरं का. 'माफ करा, पण नाही जमणार' एवढाच त्याचा भाव.

पत्राच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे, ती वाचून मात्र हसू आलं नाही. दिवेआगरच्या किनाऱ्यावर एका पर्यटकानं त्याच्या धाकट्या बहिणीला विचारलं, "मे आय टेक युअर फोटो?" तिला फोटो नको होता, पण शब्द सुचेनात. बिचारी कसनुसं हसत उभी राहिली आणि त्यानं फोटो काढला.

अरे, 'मे आय' हा प्रश्न आहे, हुकूम नव्हे! विचारणाऱ्याला 'नो' ऐकायची तयारी ठेवावीच लागते. तिला सांग, "सॉरी, प्लीज डोन्ट." तीनच शब्द. आपण मराठीत 'बघू', 'नंतर' म्हणून वेळ मारून नेतो, पण इंग्रजीत 'लेटर' म्हटलंस तर तो खरोखरच थोड्या वेळानं येऊन पुन्हा विचारेल! आणि तरीही कुणी हट्टाला पेटलाच, तर ताठ मानेनं, "आय सेड नो." तिथे सॉरीबिरी काही लागत नाही. आणि हो, तडक घरच्यांजवळ जायचं.

आता तुमची पाळी. एस.टी.त शेजारचा म्हणतो, "डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?" बाहेर कोकणातला धो धो पाऊस, तुमच्या मांडीवर नवं कोरं दप्तर. काय म्हणाल? उत्तर पोस्टकार्डावर पाठवा. नुसतं 'येस' किंवा 'नो' चालणार नाही हं!